धोंडीरामची पलटण

साळूबाई जन्मली तेव्हा तिचा बाप घरात नव्हता, आणि पुढे तो कधी आलाच नाही. बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात धोंडीराम गांगुर्डे विंचूरजवळच्या आपल्या गावातून कोणाला न सांगता निघून गेला. तेव्हा त्याची बायको भागीबाई अठरा वर्षांची होती आणि तिला दिवस गेले होते. लढाईवर गेला, असं भागीबाई म्हणायची. मुंबईला पळाला, असं धोंडीरामचा धाकटा भाऊ नाथा म्हणायचा. गावाने नाथाचं ऐकलं, कारण पळून गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायला जास्त मजा येते.

भागीबाईकडे पुरावा एकच होता, तळहातात मावेल एवढा एक फोटो. धोंडीराम गेल्यावर काही महिन्यांनी विंचूरच्या बाजारात एका ओळखीच्या हमालाने तो तिच्या हातात ठेवला. तुझा मालक नाशकात स्टेशनावर भेटला, त्याने दिलाय, एवढंच त्याला सांगता आलं. फोटोत धोंडीराम खाकी कपड्यांत ताठ उभा होता. कमरेला पट्टा, डोक्यावर तिरकी टोपी, टोपीवर बिल्ला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. लढाई संपली, आसपासच्या गावांतून गेलेले लोक ट्रंका घेऊन परतले, धोंडीराम परतला नाही. सरकारचा काही कागद आला असलाच तर तो सासरच्या दारात आला असणार. भागीबाईला तोवर सासरच्यांनी तान्ह्या पोरीसकट बाहेर काढलं होतं, आणि दारात नाथा बसलेला असायचा.

नाथाने फोटोचंही उत्तर शोधून ठेवलं होतं. नाशकात फोटोवाल्यांकडे लष्करी कपडे भाड्याने मिळतात, अंगावर चढवले की कोणीही शिपाई होतो, असं तो चार माणसं जमतील तिथे सांगायचा. साळू आठ-नऊ वर्षांची असताना एका लग्नाच्या पंगतीत त्याने तिला मुद्दाम हाक मारून विचारलं, "साळे, तुझ्या बाच्या टोपीचं भाडं कोन भरतं गं अजून?" पंगत हसली. वाढणारासुद्धा वरणाची बादली खाली ठेवून हसला. पोर पत्रावळीवरून उठून चालू लागली, तेव्हा भागीबाईने तिच्या पाठीत धपाटा घालून तिला परत बसवलं. घरी चूल पेटायची नव्हती, आणि आईचा धपाटा पोटाच्या हिशेबाने बरोबरच होता. पण साळूच्या मनात तो नाथाच्या खात्यावर जमा झाला.

मायलेकी लासलगावला कांद्याच्या खळ्यावर वाढल्या म्हणायला हरकत नाही. सकाळपासून कांदे निवडायचे, सडका बाजूला काढायचा, गोण्या शिवायच्या. साळूचं लग्न पगारे नावाच्या एका रेल्वेतल्या खलाशाशी झालं आणि ती नाशिकरोडला वसाहतीत राहायला आली. नवरा गरीब स्वभावाचा होता. आईला घरी आणू का असं तिने विचारलं तेव्हा तो फक्त म्हणाला, खाट भिंतीकडे सरकवू. पुढे साळूबाई शाळेत आया म्हणून लागली. शरीराने दांडगी, तोंडाने फटकळ, आणि एका बाबतीत पार हळवी. ती बाब म्हणजे बाप. ज्याला तिने पाहिलंच नव्हतं त्याच्यावरून ती नळावर भांडायची.

वसाहतीत त्या काळी घराघरात दर्शनी भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि बाजूला घरातल्या गेलेल्या माणसांचे मोठे, रंगवलेले, चौकटीतले फोटो असत. साळूबाईच्या भिंतीवर ती बाजू मोकळी होती. तिचा बाप आईच्या चंचीत, सुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी पडून असायचा. भागीबाई पान खाताना तो बाहेर काढायची, अंगठ्याने पुसायची आणि परत ठेवायची. तीस वर्षं पुसून पुसून तो पांढरा पडत चालला होता. घडी पडून मधोमध फाटलाही होता. चौऱ्याहत्तर साली साळूबाईने तो आईकडून मागितला. आई देईना, तेव्हा ती झोपल्यावर चंचीतून काढून घेतला.

रविवार कारंजाजवळ कोंडाजी नावाच्या आर्टिस्टचं दुकान होतं. जुना फोटो मोठा करून रंगवून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जन्मभर उघड्या अंगाने राबलेल्या माणसाला तो मेल्यावर कोट घालायचा, मनगटाला घड्याळ बांधायचा, वीस वर्षांच्या अंतराने मेलेल्या नवराबायकोला एका बाकावर शेजारी शेजारी बसवायचा. लोक चौकट छातीशी धरून रडत रडत घरी न्यायचे. साळूबाईने त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली. चेहरा जमेल तसा करा, पण कपडे आणि टोपीवरचा बिल्ला ठळक काढा, दारातून दिसला पाहिजे. तिच्या डोळ्यांसमोर दारात उभा राहिलेला नाथा होता, हे कोंडाजीला कळायचं कारण नव्हतं.

फोटो झाला तो झकास. गालाला गुलाबी रंग, मिशीला टोक, आणि टोपीवर पिवळाधमक बिल्ला, त्यात एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन बंदुका. वसाहत बघायला लोटली. भागीबाईने बराच वेळ पाहिलं आणि ती म्हणाली, "ह्यो साहेब दिसतोय कुनी. माझा फोटो दे." साळूबाईने तो दिला नाही. भंगलेली वस्तू घरात ठेवायची नसते, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. छपन्न साली याच लोकांनी टोपलीभर देव नेऊन नदीत सोडले होते. देव गेले, पण भंगलेलं काही असलं की ते गंगेला द्यायचं, ही खोड काही गेली नाही. नाशकातली माणसं गोदावरीला गंगा म्हणतात. साळूबाईने होळकर पुलाजवळ पाण्यात उतरून बापाचा खरा फोटो दोन फुलांसकट सोडून दिला आणि हात जोडले. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं. आई महिनाभर तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

असा नऊ वर्षं तो फोटो भिंतीवर राहिला. जयंतीला आणि परिनिर्वाण दिनाला त्याला हार पडायचा. त्र्याऐंशी साली गावाकडे विहार बांधून झाला. विहाराच्या अंगणात वस्तीतून लष्करात गेलेल्यांच्या नावांचा एक दगड बसवायचं तरुणांच्या मंडळाने ठरवलं. प्रत्येक नावापुढे पलटण कोरायची होती. साळूबाई आईला घेऊन धावत गेली. मंडळाचा अध्यक्ष, एक तरुण मास्तर, नम्रपणे म्हणाला की नाथाबाबांची हरकत आहे, पळून गेलेल्याचं नाव नको म्हणतात. तुम्ही पलटण कोणती तेवढं दाखवून द्या, मग कोणाची हरकत चालणार नाही.

एवढ्याने सुटण्यासारखी गोष्ट होती. बिल्ला तर दारातून दिसत होता. देवळाली गावात पुंजाराम केदारे नावाचे निवृत्त सुभेदार राहायचे. एकाहत्तरची लढाई करून आलेले, कोणाला खोटं बोलू न देणारे आणि स्वतःही न बोलणारे. साळूबाईने चौकट लुगड्यात गुंडाळून त्यांच्या दारी नेली. सुभेदारांनी कापड बाजूला केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. महार रेजिमेंट, ते म्हणाले, हा बिल्ला मी पंचवीस वर्षं डोक्यावर वागवलाय. साळूबाईने भर रस्त्यात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. चार माणसांसमोर हेच सांगायला गावी चला, एवढी तिने विनंती केली. सुभेदार लगेच तयार झाले.

मंडळाची बैठक विहारात झाली. बायका एका बाजूला, त्यांत पुढे भागीबाई. चौकट मधोमध खुर्चीवर ठेवली होती. सुभेदारांनी उभं राहून पलटणीचं नाव सांगितलं, मंडळाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईने वळून चुलत्याकडे पाहिलं, आणि असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर मान खाली घातली असती. नाथाचे तेव्हा दात पडले होते, पण जीभ शाबूत होती. तो गोड आवाजात म्हणाला, साहेब, हा बेचाळीस साली गेला असं या म्हणतात, तुम्ही कधी भरती झालात?

पन्नास साली, सुभेदार म्हणाले. मग ते थांबले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, खुर्चीपाशी जाऊन वाकले, आणि इतका वेळ वाकून राहिले की टाळ्या वाजवणारी पोरं गप्प झाली. सरळ झाले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. लढाईच्या वेळी आपल्या पलटणीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता, ते म्हणाले, आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या टोपीवर मी तो पाहिलाय. या बंदुका लढाई संपल्यावर आल्या. बेचाळीस सालच्या माणसाच्या टोपीवर हा बिल्ला असूच शकत नाही. माझ्याकडून घाई झाली, ताई, माफ करा.

सुभेदार थोडं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटतं खरं. पण ते बोलणाऱ्यांतले नव्हते.

"भाड्याची टोपी म्हनत व्हतो मी," नाथा म्हणाला. "बिल्ला बी भाड्याचाच निघाला. तुझ्या बाला फोटोतबी धड शिपाई व्हता आलं नाय, साळे."

लग्नाच्या पंगतीत हसले होते तसेच लोक हसले. काही तर तेच होते, नुसते म्हातारे झालेले. साळूबाईने चौकट उचलली. एसटीत भागीबाई सारा रस्ता खिडकीबाहेर पाहत बसली. पिंपळगाव गेलं, ओझर गेलं. आईचा कणा मोडला, असं साळूबाईला वाटलं.

घरी आल्यावर भागीबाई म्हणाली, त्याला भिंतीवरून खाली काढ, हार घालायचा नाही. साळूबाईने मुकाट्याने फोटो काढून खाटेखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी म्हातारी पहाटेच उठली, न्हाली, आणि शेजारणीकडून हातभर बांगड्या भरून आली. भाकरी थापताना पुटपुटू लागली. हरामखोर, निलाजरा, चाळीस वर्षं तोंड लपवून बसला, अशा शिव्या तिच्या तोंडातून भराभर बाहेर पडत होत्या, आणि चेहरा मात्र हसरा. मधेच तिने लेकीला विचारलं, साठीच्या माणसाचे दात राहतात का गं, की भाकरी कुस्करून द्यावी लागते? म्हातारी भ्रमिष्ट झाली असं समजून साळूबाईने शाळेत रजा टाकली आणि तडक रविवार कारंजा गाठलं.

कोंडाजी कोणाच्या तरी आजोबांच्या डोक्यावर फेटा चढवत होता. त्याला ते काम चांगलं आठवत होतं. बिल्ला पार झिजलेला होता, तो म्हणाला, काही कळत नव्हतं, आणि तुम्ही ठळक करा म्हणून बसलेल्या. त्याच आठवड्यात तुमच्याच समाजाच्या एका जवानाचा फोटो आला होता, त्याच्या टोपीवरचा उचलला. तुम्हा लोकांची पलटण तीच असणार ना? त्याच्या मते हे काम त्याने फुकटात जास्तीचं केलं होतं.

साळूबाईने विचारलं, मग आधी तिथे काय होतं?

"तसं काही नव्हतं बाई. मधोमध एक उभं काहीतरी होतं, खांबासारखं. वर निमुळतं. मला वाटलं घडीचा चरा उमटलाय. भरून टाकला मी तो."

तिथून ती देवळालीला गेली आणि सुभेदारांना सगळं सांगितलं, नदीत सोडलेल्या फोटोसकट. सुभेदार ऐकता ऐकता उठून उभे राहिले. त्या रंगाऱ्याला खांबाचं काही ठाऊक असायचं कारण नाही, ते म्हणाले, म्हणजे त्याने पाहिलं ते खरं पाहिलं. धोंडीराम आपलाच. त्या वेळच्या पलटणी ब्रह्मदेशाकडे गेल्या होत्या, आणि तिकडून जे आले नाहीत ते आले नाहीत. दगड बसायचा आहे त्या दिवशी मी स्वतः उभा राहून सांगेन, शेवटची ओळ मोकळी ठेवायला लावतो.

साळूबाईने देवळाली कॅम्पातून पेढे घेतले. बाप मेला याचा तिला आनंद झाला होता. चाळीस वर्षांत नाथाने तिला तिथवर आणून सोडलं होतं, की आपला बाप चिखलात कुठेतरी गोळी लागून मेला हे कळल्यावर ती पेढे घेऊन घरी निघाली.

भागीबाई तांदूळ निवडत बसली होती. लेकीने एका दमात सगळं सांगितलं. म्हातारीने पेढा घेतला नाही. सूप खाली ठेवलं.

"मंग त्यो मेला," ती म्हणाली.

"व्हय आई. लढाईत. पळाला नाय."

"पळाला व्हता तर जित्ता व्हता. दोन दिस झाले माझा नवरा जित्ता हाय, साळे. मुंबईत आसंल, रांडंपाशी आसंल, पन आसंल. तू पेढे घेऊन त्याला माराया आली व्हय?"

साळूबाई काही बोलायला गेली, तर म्हातारीने हात वर केला. "एकदा माझ्या चंचीतनं काढून गंगेत सोडलास त्याला. आता ऱ्हाऊ दे. माझ्या देखत त्याचं नाव दगडावर चढलं, तर तुझ्या घरचं पानीबी मला नको."

दगड बसेपर्यंतच्या दोन आठवड्यांत साळूबाई देवळालीला जाऊन सुभेदारांना थांबवू शकली असती. पण तिची हिंमत झाली नाही, आणि आशाही सुटली नाही. आई वरमेल, दगड बघून तिचं मन पालटेल, असं तिला वाटत राहिलं. आई वरमली नाही. ती गावी यायला मात्र हौसेने निघाली, नवं लुगडं नेसून. विहारापुढच्या अंगणात पहिल्या रांगेत बसली. वंदना झाली, दगडावरचं कापड काढलं, नावं वाचली गेली. पाथरवट छिन्नी घेऊन बाजूला उभा होता. मग सुभेदार पुढे आले आणि म्हणाले, मागच्या वेळी माझ्यामुळे एका माणसाचा अपमान झाला, आज मी तो धुऊन काढणार आहे. साळूबाई, उठा. फोटोचं काय झालं ते सर्वांना सांगा.

साळूबाई उठली. नाथा खांबाला टेकून बसला होता, त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं तिने पाहिलं. ज्या क्षणासाठी ती नळावर भांडली होती तो हाच होता. मग तिने आईकडे पाहिलं. भागीबाई दोन्ही हात मांडीत घट्ट धरून तिच्याकडे बघत होती. जन्मात कोणाकडे काही न मागितलेली बाई ती, पण आता सगळ्या अंगाने मागत होती.

"ते नाव नका घालू," साळूबाई म्हणाली. "आमचा बा पलटनीत नव्हता. पळून गेला त्यो. मुंबईला."

सुभेदारांना आधी कळेचना. त्यांनी दोनदा विचारलं, ताई, काय बोलताय, त्या रंगाऱ्याचं सांगा ना. तिने दोनदा तेच उत्तर दिलं. नाथा पोट धरून हसला. चाळीस वर्षं मी काय सांगत होतो, असं तो एकेकाला विचारत सुटला, आणि लोकही हसले. त्या हसण्यात सगळ्यांत मोठा आवाज भागीबाईचा होता. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुभेदार चहा न घेताच निघून गेले. पुढे एकदा नाशिकरोडच्या बाजारात साळूबाईने त्यांना जयभीम घातला, तर त्यांनी तोंड फिरवलं. आपल्याला खोट्यात पाडायला निघालेली बाई, असंच ते तिला समजत राहिले.

भागीबाई त्यानंतर तीन वर्षं जगली. मुंबईहून कोणी वसाहतीत आलं की ती त्याला गाठायची, उंच, कानाची पाळी फाटलेला असा म्हातारा कुठे दिसला का विचारायची, आणि नाही म्हटलं की दिसेल म्हणायची. सुखात गेली म्हणायला हवं. सहाऐंशीच्या थंडीत ती गेली तेव्हा तिच्या हातात बांगड्या होत्या, आणि त्या बांगड्यांनिशीच साळूबाईने तिला पोचवलं.

मग साळूबाई मोकळी झाली. पुढच्या उन्हाळ्यात ती गावी गेली. शेवटची ओळ दगडावर तशीच मोकळी होती. नाथा अंथरुणाला खिळला होता, त्याची हरकत कोणी विचारली नसती. मंडळाच्या अध्यक्षाने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. चंची, रंगारी, खांब, आईचं मागणं. मास्तर शांतपणे ऐकत होता. सुभेदार सांगतील, ती म्हणाली. सुभेदार दिवाळीच्या सुमारास वारले, तो म्हणाला. कोंडाजीला अर्धांगवायू झाला होता आणि त्याला माणसं ओळखू येत नव्हती, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

"तुमच्यावर माझा अविश्वास नाही, मावशी," मास्तर म्हणाला. "पण उद्या लोक विचारतील. त्या दिवशी दोनशे माणसं इथे बसली होती. धोंडीराम पळून गेला हे नाथाबाबांचं म्हणणं होतं, तोवर आम्ही ते मानलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणून मानलं. ते नाव नका घालू, हे तुमच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलंय."

साळूबाई म्हणाली, व्हय, ऐकलंय. तिने चहा संपवला आणि कपबशी स्वतः विसळून ठेवली.